कावळा, काका आणि 'इम्प्यून'

कावळा पिंडाला शिवतच नव्हता.

आज अरविंदकाकांचा दहावा. डोंबिवलीत आमच्या समोरचं दार त्यांचं. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि रिटायर झाल्यावर माझ्याशी भांडले.

मी कल्याण कोर्टात वकील. ज्या ऑर्डरविरुद्ध अपील करतो, तिला आम्ही 'इम्प्यून्ड ऑर्डर' म्हणतो. उठता-बसता.

एकदा काकांनी दारातच अडवलं.

"वकीलबाई, इम्प्यून म्हणजे काय?"

"आव्हान देणं. हे खरं नाही, असं म्हणणं."

"ते झालं भाषांतर. मूळ लॅटिन. एखाद्याविरुद्ध लढणं. आणि त्या लढण्याच्याही मुळाशी काय, तर मूठ!"

"काका, ते रोमन लोकांचं. कोर्टात मूठ कुठे चालते? शब्दातली मूठ कधीच गेली."

"मूठ जात नसते."

झालं! चहा गार. काकू आतून ओरडायच्या, "अहो, पोरीला कोर्टात जाऊ द्या!"

वर्षानुवर्षं हाच वाद. दिवाळीच्या फराळावरसुद्धा.

कधी कंटाळून म्हटलं, बरं, तुमचंच खरं, तर चिडायचे. "दमलीस म्हणून मान्य करू नकोस. अपमान वाटतो मला."

आज घाटावर त्यांचा मुलगा, आमचा निखिलदादा, म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन."

कावळा भिंतीवर ढिम्म.

काकांचा भाचा म्हणाला, पुस्तकं लायब्ररीला देऊ. तरी नाही.

ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. काकूंचा चेहरा बघवेना.

"काय राहिलंय हो तुमचं?" मग माझ्याकडे वळल्या. "तू बोल गं. तुझ्याशीच भांडायचे."

मी हात जोडले. "काका, तुम्ही जिंकलात. मूठ आहे."

कावळ्याने चक्क तोंड फिरवलं.

मग माझं डोकंच सटकलं. "नाही काका! साफ चुकताय तुम्ही. कोर्टात मूठ चालत नाही म्हणजे नाही!"

आला. सरळ पिंडावर.

काकू आधी हसल्या, मग रडल्या. मला रडू आलं नाही. अजून येत नाहीये. सगळं बधिर झालंय नुसतं.

खाली बघितलं तर जोडलेले हात कधीच सुटलेले.

उजव्या हाताची मूठ. घट्ट.

काका, तुमचंच खरं होतं.

पण हे मी कावळा उडून गेल्यावर म्हटलं.

या आता.