अर्ध्या सहीचा मेल

सही कुठवर चालते हे मला कोणी शिकवू नये, असा माझा तोरा होता. तळोद्यातल्या कचेरीत कारकुनी करता करता माझे केस पिकले. कागदावर सही खाली असते आणि तिच्या वरचा सगळा मजकूर तिच्या ताब्यातला. मजकूर संपला की उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणाला काही घुसडता येत नाही. ही सवय हाताला इतकी लागलेली, की घरच्या किराण्याच्या यादीखालीही मी रेघ मारते. नवरा हसतो. हसू दे.

मग हुकूम मेलवर यायला लागले, डिजिटल सही होऊन. ही सही कुठे दिसतच नाही. मेलच्या वर एक पट्टी येते, ती म्हणेल ते खरं मानायचं.

त्या दिवशी आश्रमशाळांच्या स्वयंपाकिणींच्या नेमणुकीचा मेल आला. वरच्या कचेरीने सही करून जिल्ह्याला पाठवलेला, जिल्ह्याच्या कचेरीने आमच्याकडे ढकललेला. सरकारी काम, सहा महिने थांब. पण रुजू व्हायचा शेवटचा दिवस मात्र आजचाच. दारात एक बाई उभी होती, नर्मदाकाठच्या मणिबेलीकडची. पहाटे होडीने निघून, मग जीपमध्ये दाटीवाटीने बसून आलेली. नवरा वारलेला. ही नोकरी लागली तर दरसाल गुजरातेत ऊस तोडायला जाणं सुटणार होतं. शाळेत शिकलेल्या मोजक्या मराठीत तिने हे मला दोनदा सांगितलं.

मी मेल उघडला. वर हिरवी पट्टी, सही बरोबर असल्याची. खाली नावांची यादी, यादीखाली ठिपक्यांची ओळ, आणि त्याखाली ‘पुढील दोन नावेही धरावीत’ असं लिहून दोन नावं. दुसरं नाव हिचं.

‘‘झालं तुमचं काम,’’ मी म्हणाले. ती बाकावर बसली आणि पहिल्यांदाच तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

साहेबांनी तोच मेल त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडला. त्यांचा मेलचा प्रोग्राम वेगळा. तिथे पिवळी पट्टी होती, या मेलच्या काही भागावरच सही आहे असं सांगणारी. कुठल्या भागावर? त्याचा पत्ता नाही. मी मोबाइलवर पाहिलं तर पट्टीच नाही, नुसती एक जोडलेली फाइल, आणि ती उघडली की किडेमुंग्यांसारखी अक्षरं.

आमचा शिपाई मागून डोकावत होता. ‘‘ताई, मेल तं एकच शे ना? मंग तीन जागे तीन तऱ्हा कसाले?’’

‘‘माले काय इचारस? त्या डबडाले इचार!’’ मी त्याच्यावरच खेकसले. खरं तर माझंच डोकं भणभणत होतं.

जिल्ह्याच्या कचेरीला फोन लावला. तिकडचा कारकून निवांत. ‘‘ती दोन नावं राहून गेली होती, आम्ही खाली टाकली. तुमच्याकडे हिरवं दिसतंय ना?’’

‘‘माझ्याकडे हिरवं, साहेबांकडे पिवळं.’’

‘‘मग साहेबांना तुमच्या कॉम्प्युटरवर बघायला सांगा.’’

मी आपला नेहमीचा उपाय केला, प्रिंट काढली. कागदावर ना हिरवं ना पिवळं. पहिल्या पानावर यादी संपून खाली थोडी जागा उरलेली. हात सवयीने चालला: तिरकी रेघ, शेजारी माझी छोटी सही. मग पान उलटलं, तर ठिपक्यांची ओळ आणि ती दोन नावं दुसऱ्या पानावर.

साहेबांनी कागद पाहिला. ‘‘बाई, यादी तर तुम्हीच बंद केलीत.’’

‘‘दुसरी प्रिंट काढते, साहेब.’’

‘‘दहा काढा. पण सही कुठवर आहे ते कोण सांगणार? दुसरं पानही सहीत येतं असं तुम्ही लिहून द्या, मी हिला आत्ता रुजू करून घेतो.’’

पेनाचं टोपण काढून मी बसले. हिरवी पट्टी म्हणत होती सगळं खरं, पिवळी म्हणत होती थोडं खरं. ठिपक्यांच्या खालची नावं जिल्ह्याने टाकलेली, म्हणजे ती सहीच्या बाहेर? मग माझी पट्टी हिरवी कशी? आणि बाहेर असली तरी ती खोटी थोडीच होती! उद्या चौकशी लागली तर पट्टीला कोणी विचारणार नाही, मला विचारतील. मी घाबरले. सरळ सांगते, घाबरले, आणि टोपण परत लावलं.

‘‘नवीन कागद आला की निरोप देते,’’ मी तिला म्हणाले.

‘‘तुम्ही झालं म्हणाला होता,’’ ती म्हणाली. रागावली नव्हती. तिला बहुधा वाटलं, आपल्यालाच मराठी नीट कळली नाही. पिशवी उचलून ती जीप गाठायला गेली.

आठवड्याने नवीन मेल आला. तिचं नाव यादीत, यादी सहीत, दोन्ही कॉम्प्युटरवर पट्टी हिरवी. मी जीपवाल्याकडे निरोप धाडला. तीन दिवसांनी उत्तर आलं: ती टोळीबरोबर गुजरातेत गेली, फोन लागत नाही. नव्या मेलातली मुदतही संपली तशी तिच्या जागी दुसरी बाई रुजू झाली.

पहिला मेल नक्की कुठवर सहीचा होता, हे मला आजही कळलेलं नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने दोनदा समजावलं, दोन्ही वेळा मी मान हलवली.

उन्हाळ्यात ती मला तळोद्याच्या बसस्टँडवर भेटली. उन्हाने रापलेली, हाताच्या बोटांवर कोयत्याचे वण. मी तोंड फिरवायच्या आत तिनेच ओळखलं आणि हसून जवळ आली.

‘‘बाई, तो कागद बरोबर झाला का?’’

‘‘झाला,’’ मी म्हणाले.

‘‘मग उद्या येऊ?’’