पाव वळसा

संशोधन केंद्राच्या काचघरात तिला सगळे मुळेवाली म्हणत. गवताची मुळं ती अशी धुवायची की चिखल जाई, पण केसाएवढा तंतूही तुटत नसे. खरं नाव निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण अडलं की सगळे तिच्याच दाराशी.

यंदा प्रमुख बाईंनी तिच्यावर चाळीस कुंड्या सोपवल्या. प्रत्येकीत गवत, मध्ये मातीने भरलेली नळी, नळीला बारीक जाळीच्या खिडक्या. नळीतल्या मातीत, पुढे गवतात सापडलं तर ओळखता येईल असं नत्र मिसळलेलं. जाळीतून मुळं आत जात नसत. मुळांवरच्या बुरशीचे धागे मात्र जात. ते धागे गवताला नत्र पोचवतात का, एवढंच पाहायचं होतं. म्हणून वीस नळ्या तशाच ठेवायच्या आणि वीस दर सोमवारी पाव वळसा फिरवायच्या. धागे तुटले की गवताचा पुरवठा बंद.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती सहा आठवडे गेली, काम धाकट्या जावेवर टाकून. जावेला तिथे चिकटवलंही तिनेच होतं, बाईंच्या विनवण्या करून.

ती परतली त्याच दिवशी गवताच्या तपासणीचा अहवाल आला. चाळीसही कुंड्यांत नत्र सारखंच. वहीत मात्र दर सोमवारी फिरवल्याची खूण. मुळेवालीने नळी फिरवायच्या कुंड्यांपैकी एकीची माती हलकेच बाजूला केली आणि भिंग धरलं. जाळीपासून मुळांपर्यंत पांढरे धागे, अगदी अखंड.

"ही नळी फिरलेलीच नाही," ती बाईंना म्हणाली.

जाऊ बाईंकडे वळून म्हणाली, "या ताईच म्हणाल्या होत्या, नुसत्या खुणा कर. त्याही तसंच करतात म्हणे."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मुळेवालीला तेव्हा कळलं. बाईंनी विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून फक्त 'नाही' निघालं. बाईंना ते पुरलं नाही. नवी बिचारी सांगितलं तसं वागली, असं म्हणत त्यांनी काचघराची चावी जावेच्या हाती दिली आणि मुळेवालीला बाटल्या धुवायला पाठवलं.

जाऊ मागोमाग दारापर्यंत आली. "रागावू नका ताई. माझी नोकरी गेली असती. तुम्ही जुन्या, तुम्हाला कोण काढतंय?" मग जरा घुटमळून तिने विचारलं, नळी नेमकी किती फिरवायची असते, ती विसरली होती.

"तेही मीच सांगितलं असेल की," मुळेवाली म्हणाली. "आठवून बघ."