भाजणीखालच्या गोळ्या

"लिहून द्या," असं म्हणून ताई पर्समधलं पेन पुढे करत. समोर घरमालक असो, नगरपालिकेतला कारकून असो, की आमच्या मराठी मंडळातल्या जयंतीच्या जेवणाला 'भजी मी आणतो' म्हणणारा एखादा उत्साही गृहस्थ. "गेल्या वर्षी चिप्स घेऊन आलास," असं ऐकवून त्या खरोखर सही घेत.

रायस्वाइक या डच गावात त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहत, रॉटरडॅमला संशोधन करत. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. त्यांची जरा भीती वाटते आणि अडचणीत आधी त्यांचंच दार आठवतं.

त्यांचं बीपी वाढलं तेव्हा इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी करा, चाला, तीन महिन्यांनी या. "सायकलने गुडघे गेले, आता आणखी काय चालू?" म्हणत ताईंनी पुण्याला ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलेल्या गोळ्या सुट्टीवरून येताना मीच आणल्या, थालीपिठाच्या भाजणीखाली ठेवून.

दोन महिन्यांनी अंगाला खाज सुटली, जेवण नकोसं झालं, डोळे पिवळे दिसू लागले. डॉक्टरांकडे मी सोबत होतो.

"काही औषधं घेता?"

"नाही," ताई म्हणाल्या. बीपीची गोळी आपण औषधात धरत नाही, ती चहासारखी रोजची. मलाही ती आठवली नाही. तपासण्या झाल्या, कारण सापडेना, आणि गोळी चालूच राहिली. शेवटी इस्पितळातल्या नर्सने घरात गोळ्या-चूर्ण असेल ते सगळं आणायला सांगितलं, तेव्हा पाकीट बाहेर आलं. बहुतेकांना सोसणारी ती गोळी ताईंच्या यकृताला सोसली नव्हती.

"ताई, मीच आणल्या हो."

"तू हमाल. गिळल्या मी. माझी चूक पळवू नकोस."

मध्ये थोडं बरं वाटलं, तेव्हा जयंतीच्या सभेत त्या पिवळ्या डोळ्यांनी उभ्या राहिल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "ताई, हे चारचौघांत कशाला?"

"मग कुठे, शोकसभेत?"

भारतातल्या गोळ्या घेऊन इथल्या डॉक्टरांना न सांगणाऱ्यांनी हात वर करा, असं त्यांनी फर्मावलं. एकही हात हलला नाही. खुर्चीची पाठ धरून त्या उभ्याच राहिल्या. मग एक हात वर गेला, दुसरा गेला, आणि शेवटी खाली राहिलेले हात मोजणं सोपं होतं.

यकृत सावरलं नाही. पानगळीत ताई गेल्या.

अजूनही मी पुण्याला निघालो की कुणीतरी दार वाजवतं. "येताना एवढ्या गोळ्या आणाल?" मी विचारतो, इथल्या डॉक्टरांना सांगितलंय का? काही जण सांगून येतात. काही रागावतात, बोलायचे थांबतात.

थांबू देत. बॅगेत तेवढी जागा मोकळी ठेवून मी परततो.