चपलांसकट पुन्हा एकदा

“सर, ‘बाहेर पळा’ असं तुम्हीच ओरडलात?”

“हो. मीच.”

माझ्या प्रश्नाला सूर्यवंशी सरांनी एवढंच उत्तर दिलं. ते लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवत. आठवड्यापूर्वी सकाळी जमीन हलली होती. हलकासा धक्का, भिंतीला तडासुद्धा नाही. पण पहिल्या मजल्यावरची पोरं जिन्याकडे धावली आणि अंकिता नावाची मुलगी पडली. पाय मोडला. परीक्षा तोंडावर आलेली.

तिचे वडील हदगावकडून आले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “पोरगी शिकाया पाठवली व्हती, पाय मोडून घ्याया न्हाई. ज्यानं घाबरवलं त्याला काढा.”

क्लासचे संचालक बिराजदार सर अडचणीत होते. सूर्यवंशींना काढायचं तर कारण लागणार, ठेवायचं तरी कारण लागणार. म्हणून त्यांनी नांदेडहून मला बोलावलं. इमारती सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासणं माझं काम. त्याला सेफ्टी ऑडिट म्हणतात.

“तुम्ही पळा का म्हणालात?” मी सूर्यवंशींना विचारलं.

“मी किल्लारीच्या पट्ट्यातला आहे साहेब. त्र्याण्णवला लहान होतो. जमीन हलली की आमच्या तोंडून दुसरा शब्द येत नाही.” मग म्हणाले, “धक्का थांबेपर्यंत बाकाखाली बसायचं असतं, हे मला माहीत आहे. पोरांना मीच शिकवतो. पण पुन्हा हलली तर पुन्हा तेच म्हणेन बहुतेक.”

असा प्रामाणिक माणूस स्वतःचा फार घात करतो. बिराजदार सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या दृष्टीनं प्रकरण तिथंच संपलं होतं.

मी म्हणालो, “आपण री-इनॅक्ट करून पाहू.”

आमच्या कामात दोन शब्द नेहमी येतात. री-कन्स्ट्रक्ट म्हणजे मोजमापं, फोटो, जबाब घेऊन घडलेल्या गोष्टीची कागदावर जुळणी करणं. ते टेबलापाशी बसून होतं. री-इनॅक्ट म्हणजे त्याच जागी, त्याच माणसांकडून ते पुन्हा करवून घेणं. पहिल्यात डोकं लागतं, दुसऱ्यात हातपाय. इंग्रजी शब्द मला कॉलेजात कळला. कृती मात्र उमरीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलो. आमचे गुरुजी इतिहासाचा धडा वाचून दाखवत नसत, वर्गाबाहेर नेऊन करायला लावत. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. त्या गुरुजींचं देणं अजून माझ्या पोटापाण्याला पुरतंय.

दुसऱ्या दिवशी त्याच बॅचला त्याच जागी बसवलं. मुली पुढं, मुलं मागं. अंकिताच्या जागी तिची मैत्रीण बसली. अंकिता प्लास्टरचा पाय घेऊन जिन्याच्या पायथ्याशी खुर्चीवर, शेजारी वडील. मी बजावलं, “धावायचं नाही. भरभर चालायचं. शिट्टी वाजली की जागच्या जागी थांबायचं.”

सूर्यवंशी सर म्हणाले, “बाहेर.” पोरं उठली, दारातून निघाली, जिना उतरून अंगणात आली. कुणी अडखळलं नाही.

“बघा,” बिराजदार सर म्हणाले, “जिना एकदम बरोबर आहे. म्हणजे घाबरल्यामुळंच पडली.”

“मी काय सांगून राहिलो मग?” अंकिताचे वडील म्हणाले.

सूर्यवंशी खडू हातात फिरवत राहिले.

मलाही तसंच वाटू लागलं होतं. तेवढ्यात अंकिता म्हणाली, “सर, जिना असा नव्हता.”

“असा म्हणजे?”

“एवढा मोकळा.”

मी गेटपाशी पाहिलं. तिथं चपलांचा लोखंडी रॅक होता. हात लावला तर रंग अजून चिकट.

“हा कधी आणला?”

“काल सकाळीच,” बिराजदार सर म्हणाले. “तुम्ही येणार म्हणून जरा आवरून घेतलं. पाहुणा यायचा म्हटल्यावर झाडझूड करावीच लागते की.”

“आधी पोरं चपला कुठं काढायची?”

“वर, वर्गाच्या दाराशी. आत नाहीच आणू देत आपण. विद्येचं मंदिर आहे, सर.”

त्यांनी काही लपवलं नव्हतं. आपल्याकडं साहेब येणार म्हटलं की घडलेली जागा आधी स्वच्छ होते. मी म्हणालो, “पुन्हा एकदा. चपलांसकट.”

पोरांनी चपला वर नेल्या आणि रोजच्यासारख्या काढल्या. दाराबाहेरची जागा भरली, ढीग वरच्या दोन-तीन पायऱ्यांवर उतरला. “आता अगदी सावकाश चाला,” मी सांगितलं.

“बाहेर,” सूर्यवंशी सर म्हणाले.

पहिल्या मुली दाराबाहेर आल्या आणि थांबल्या. थांबून वाकल्या. कुणी सांगितलं नव्हतं. जी ती आपली चप्पल शोधत होती. मागची रांग त्यांच्या पाठीवर येऊन टेकली. मी शिट्टी वाजवली. अंकिताची मैत्रीण पहिल्या पायरीवर एका पायात सँडल घालून, एका हातानं कठडा धरून उभी होती. तिचं तिलाच हसू आलं, मग एकदम थांबलं.

“अशीच,” खालून अंकिता म्हणाली. “मी पण अशीच वाकले होते.”

“भूकंपात? चपलेसाठी?” वडील म्हणाले.

“नवीन होत्या, पप्पा. तुम्हीच नांदेडहून आणल्या होत्या.”

त्यांनी वर जिन्याकडं पाहिलं. “खुळे,” ते म्हणाले, “तशा धा आणल्या असत्या की.” आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग सूर्यवंशींकडं वळून म्हणाले, “सर, तुम्ही बाहेर म्हणाले तेच बरं केलं. बाहेर गेलीच न्हाई ही.”

“तेही पूर्ण बरोबर नव्हतं,” सूर्यवंशी म्हणाले.

यापूर्वी मी त्या बॅचमधल्या पोरांचे जबाब घेतले होते. धक्का, आरडाओरडा, धक्काबुक्की, सगळं त्यांत होतं. चपलांचं नाव एकानंही काढलं नव्हतं. खोटं बोलले असं नाही. रोजची गोष्ट कुणाला सांगण्यासारखी वाटत नाही. ती फक्त शरीर करून दाखवतं.

बिराजदार सरांच्या ऑफिसात आम्हा तिघांचा आणि अंकिताच्या वडिलांचा चहा झाला. सूर्यवंशींची नोकरी राहिली. धक्का बसला तर काय करायचं याचा सराव दर महिन्याला त्यांनीच घ्यायचा असं ठरलं. मी सुचवलं, पोरांना चपला घालूनच वर्गात येऊ द्या. बिराजदार सरांनी भिंतीवरच्या सरस्वतीच्या फोटोकडं पाहिलं. “ते तेवढं जमायचं नाही, सर. रॅक आहे ना आता खाली.”

“रॅक भरला की ढीग पुन्हा वर येईल.”

“बघू.”

आम्ही उठलो. ऑफिसच्या दाराबाहेर चार जणांच्या चपला. चौघंही एकदम वाकलो, आणि दार अडलं. माझ्या डाव्या बुटावर बिराजदार सरांचा पाय होता. ते तसेच वाकलेले राहिले, क्षणभर.

“उद्यापासून चपला आत,” ते सरळ होत म्हणाले. “सरस्वतीला सांगतो मी.”

तेव्हापासून तपासणीला जाण्याआधी मी फोनवर एकच विनंती करतो: माझ्यासाठी काही आवरू नका. लोक तरीही आवरतात. म्हणून गेल्यावर पहिला प्रश्न विचारतो, काल इथं काय पडलेलं होतं?