सावलीत उभी केलेली गाडी

ती गाडी आमच्याकडे आली तेव्हा एप्रिल होता, आणि आदिलाबादच्या एप्रिलमध्ये तिच्याइतकी गुणाची गाडी दुसरी नव्हती. पांढरी, लांबट, मागे झोपायला दोन फळ्या, एक स्टोव्ह, पाण्याची टाकी, आणि टपावर काळ्यानिळ्या काचेच्या चार पाट्या. त्या पाट्यांवर ऊन पडलं की बाकाखालच्या बॅटऱ्या भरायच्या आणि बॅटऱ्यांवर एक छोटा फ्रीज चालायचा. फ्रीजमध्ये गोवराची लस. हैदराबादहून आलेल्या साहेबांनी ऑफिसच्या अंगणात, भर दुपारी, झाकण उघडून आम्हाला आतला बर्फ दाखवला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ही गाडी जाणार कुठे आणि कोणत्या दिवसांत, असं एकानेही विचारलं नाही. मीही नाही. मी त्या बर्फाला बोट लावून पाहण्यात गुंग होतो.

जाणार होती उटनूरच्या पलीकडच्या रानात, आणि तीही पावसाळ्यात. पावसाळ्यात ओढे भरले की त्या गावांची वाट तुटायची, बर्फाचे डबे घेऊन रोज ये-जा जमायची नाही; म्हणून आठ-आठ दिवस आतच मुक्काम करणारी गाडी. म्हणजे जिथे ऊन नाही तिथे, आणि जेव्हा ऊन नाही तेव्हा, उन्हावर चालणारी गाडी. हे ठरवणारे लोक मूर्ख नव्हते, चांगले शिकलेले होते. त्यांनी फक्त श्रावणातलं सागाचं रान पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलेलं होतं आणि तरी गप्प बसलो, तेव्हा मूर्ख कोण हे तुम्हीच ठरवा.

गाडीवर आम्ही दोघंच. मी भीमपूरकडच्या खेड्यातला, लस टोचायच्या नोकरीला लागून चार वर्षं झालेला. दुसरे ड्रायव्हरकाका, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, घरी कापूस-ज्वारीची शेती. उभा जन्म त्यांनी गाडी झाडाखाली लावली होती. कुठेही पोचलं की त्यांची नजर आधी चिंच नाहीतर मोह शोधायची. आता त्यांना उलटं शिकावं लागलं.

"म्हैस बरी जी," ते म्हणायचे, "सोडली का आपल्या मनानं सावलीत जाते. हे ऊन मांगते. कुठून आणू मी ऊन?"

आम्ही खरोखर ऊन शोधत हिंडलो. रानात एखादी मोकळी जागा दिसली की गाडी तिथे न्यायची, ढग फाटायची वाट पाहत बसायचं, झाडांची सावली सरकत आली की गाडीही सरकवायची. रोज सकाळी काका टपावर चढून आपल्या उपरण्याने पाट्या पुसायचे. सागाचं एखादं ओलं पान चिकटून राहिलं तरी तेवढ्या तुकड्यापुरतं नव्हे, त्या सगळ्या पाटीचंच काम मंदावायचं. इंजिनाची बॅटरी वेगळी होती. तिच्यावर फ्रीज चालत नसे. बाकाजवळ एक काटा होता. तो हिरव्यात असला की आम्ही जेवायचो, लालाकडे झुकला की घास उतरत नसे. मी दोनदा ऑफिसात लिहून दिलं की ही गाडी इथे चालायची नाही. मोठ्या बाबूंनी कागद परत दिला आणि सांगितलं, मुआयना, म्हणजे वरची तपासणी, जवळ आलाय, "समाधानकारक" लिही. मी लिहिलं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात आम्ही एका गोंड गावात पोचलो. गावाबाहेर खळ्याची मोकळी जागा होती. काकांनी गाडी तिथे मधोमध उभी केली. गावचे पटेल, म्हणजे पाटील, आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि आत काय आहे ते विचारलं. त्यांना मराठी चांगली येत होती.

मी म्हणालो, "औषध आहे. गोवराचं. त्याला थंड ठेवावं लागतं. गरम झालं की ते मरतं."

"मरते?" पटेल म्हणाले.

"हो. मग सुई देऊन काही उपयोग नाही."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. एवढंच बोलणं झालं. वरच्या पाट्यांचं मी काही सांगितलं नाही. हात लावू नका, एवढं म्हणालो असेन, कारण तेवढं म्हणायची सवयच होती. लोकांना समजावत बसायचा मला कंटाळा यायचा, हे खरं आहे.

त्याच दुपारी थोडी लस बर्फाच्या डब्यात घेऊन आम्ही ओढ्यापलीकडच्या पाड्यावर चालत गेलो. संध्याकाळी ओढा भरला. दोन दिवस तिथेच अडकलो. पण मी आनंदात होतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं आणि महिनाभरात पाहिलं नव्हतं असं कडक ऊन पडलं. तिसऱ्या दिवशीही तेच. मी काकांना म्हणालो, आज बॅटऱ्या काठोकाठ भरतील. काकाही पहिल्यांदाच त्या गाडीबद्दल बरं बोलले.

परत आलो तर खळ्यात गाडी दिसेना. जांभळीच्या आणि सागाच्या फांद्यांचा एक मांडव होता, अगदी दाट, दंडारीच्या, दिवाळीतल्या नाचाच्या, दिवसांत पाहुण्या गावासाठी घालतात तसा. गाडी त्याच्या आत होती. टपावर, पाट्यांवर, ओली पोती अंथरलेली होती. दोन बाया कळशीने त्यांवर पाणी शिंपडत होत्या.

पटेल पुढे आले. चेहऱ्यावर पाहुण्याची नीट बडदास्त ठेवल्याचं समाधान. "ऊन लयच निंगालं होतं जी," ते म्हणाले. "आमी तवाच मांडव टाकला. दोन दिवस आलटून पालटून पाणी मारून राह्यलो. जराबी गरम होऊ देली नाही."

मी आत गेलो. काटा लालाच्या टोकाला टेकला होता. फ्रीज बंद. आत पाणी साचलेलं, आणि थर्मामीटर बाहेरच्या हवेइतकाच. केव्हापासून, ते कळायला मार्ग नव्हता. गोवराची लस मेली तरी तिचा रंग बदलत नाही, वास येत नाही. हातात धरली तर ती होती तशीच बाटली होती.

नियम सोपा होता. सगळी लस खड्ड्यात पुरायची, वर लिहून कळवायचं, पुढच्या महिन्यात परत यायचं. काका दारात उभे होते. "फेकून द्या भाऊ," ते हळूच म्हणाले.

"आणि यांना काय सांगू? तुमच्या मांडवाने मारली?"

"मांडवानं काऊन? आपणच अर्धं सांगतलं त्याईले."

मी फ्रीजचं झाकण आपटून लावलं. बाहेर मांडवाखाली बाया पोरं घेऊन ओळीने बसल्या होत्या. दोन-दोन ओढे ओलांडून आलेल्या, सकाळपासून बसलेल्या. सगळ्यात पुढे एक तरुण बाई होती, तिच्या मांडीवर वर्षाची पोर. बाईचं माहेर महाराष्ट्राच्या सीमेकडचं, आमच्यासारखंच बोलायची. "लवकर करा जी," ती हसून म्हणाली, "झोपून हाये तवरच टोचा, उठली का तुमाले चावन."

मी स्वतःला सांगितलं, कदाचित लस आजच गरम झाली असेल. कदाचित थोडी जिवंत असेल. पुढच्या महिन्यात वाट असेल-नसेल. या लोकांनी एवढा मांडव घातला, त्यांना हात हलवत परत कसं पाठवायचं? माझ्याकडे कारणांचा तोटा नव्हता. खरं कारण एकच होतं. त्या सगळ्यांसमोर उभं राहून "चूक माझी" असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

मी सुया उकळल्या आणि टोचायला लागलो. काका पुढच्या सीटवर जाऊन बसले, पाठ करून. पहिली ती पोर. ती उठली, रडली, चावली नाही. सगळी लस संपवली. कार्डं भरली, शिक्के मारले. निघताना पटेलांनी गाडीत काकड्या ठेवल्या. महिन्याभराने काकांनी दुसरी गाडी मागून घेतली.

मला परत जाता आलं असतं. नवी लस घेऊन, काहीतरी निमित्त सांगून, पुन्हा टोचता आलं असतं. पण कार्डावर शिक्का होता; दुसऱ्यांदा टोचायचं तर पहिलं का वाया गेलं ते लिहावं लागलं असतं. दिवाळी गेली, थंडी गेली. त्या महिन्यांत मी व्यवस्थित जेवत होतो, झोपत होतो, हे सांगायची लाज वाटते.

फाल्गुनात त्या भागात गोवर आला. मला औषधं देऊन जीपने पाठवलं. झाडांची पानं झडली होती, रानभर नुसतं ऊन होतं. गावातली अर्धी पोरं तापाने पडलेली. पटेल मला एका घराशी घेऊन गेले आणि दारातूनच मागे फिरले. अंगणात ती बाई बसली होती. मांडी रिकामी होती. पोर जाऊन चार दिवस झाले होते.

माझी ओळख तिला लगेच पटली. तिने बसायला घोंगडी टाकली. मग तिने आतून ते कार्ड आणलं, घडी न पडलेलं, नीट ठेवलेलं, आणि माझ्या हातात दिलं.

"सुई देल्ली होती न जी तुमी?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरोखरच तिला कळत नव्हतं. "मंग गोवर काऊन निंगाला? सुई खराब होती काय?"

कार्डावर माझंच अक्षर होतं. मी ते पाहत राहिलो. आमच्या घरातला देव्हारा माझ्या वडिलांनी माझ्या जन्माआधीच उचलून ठेवला होता. आम्ही बुद्धाला वंदन करणारी माणसं. जे झालं त्याचं कारण शोधावं, ते देवावर ढकलू नये, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि दुसऱ्यांना ऐकवत आलो.

"सुई चांगली होती," मी म्हणालो. "देवाची मर्जी."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "मंग तुमचा काय दोस जी," ती म्हणाली, आणि उन्हातून आलात म्हणून माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली. मी बसून राहिलो. तिने पाणी आणलं, आणि मी ते प्यालो.