नीलगाईचा बेंदूर

बेंदराच्या दिवशी आमच्या गावाकडं बैलांना धुतात, शिंगं रंगवतात, पाठीवर झूल टाकतात. मग दारात आलेल्या बैलाच्या पायावर पाणी घालून घरातली बाई त्याला पुरणपोळी चारते. माझ्या आईनं लग्न झाल्यापासून हे एकही वर्ष चुकवलं नव्हतं. मग मिलिटरीतून निवृत्त होऊन शेती बघणारे वडील गेले. बैल विकले. शेत चुलतभाऊ ट्रॅक्टरनं करायला लागला आणि आईला मी कराडजवळच्या त्या गावातून सांगलीला, तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटमध्ये आणलं.

पहिल्या आषाढात बेंदराला बायकोनं बाजारातून मातीचे दोन बैल आणून पाटावर मांडले. आईनं हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि पोळीचं ताट घेऊन तशीच उभी राहिली.

"ह्यांस्नी चारू कशी? ह्यांचं तोंड कुठं उघडतंय?"

"आई, नुसता नैवेद्य दाखवायचा," मी म्हटलं.

"देवाला दावत्यात. बैलाला चारत्यात. बैल वरीसभर राबतोय. देव राबतोय व्हय?"

मी पाटावरचा एक बैल उगाच सरळ केला. तसा मी बोलणारा माणूस नाही. सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागेच चालली आहे. 'पुढचे या' एवढ्यावर माझा दिवस निघतो.

संध्याकाळी आई डबा घेऊन एकटीच खाली उतरली. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर शहरातली जुनी प्राण्यांची बाग आहे. तासाभरानं परत आली तेव्हा चेहरा उजळलेला.

"बैल गावला," ती म्हणाली.

तो बैल म्हणजे नीलगाय. दुसऱ्या दिवशी ती मला दाखवायला घेऊन गेली. राखाडी-निळा, गळ्याखाली दाढीसारखा केसांचा झुबका, खांद्याला उंच आणि मागं उतरता. आईनं जाळीशी उभं राहून त्याचं वर्णन केलं, "फुडनं घोडा, मागनं गाढव, शिंगं शेळीची. पर नजर बैलाची हाय." पाटीवर 'नीलगाय (नर)' लिहिलेलं मी वाचून दाखवलं.

"गाय बी म्हनायचं आन् नर बी म्हनायचं? कुनाचा कुनाला मेळ न्हाई."

तेवढ्यात बागेतला रखवालदार आला. आईला बघताच त्यानं कपाळाला हात लावला. "साहेब, ह्या तुमच्या आई का? काल पोळी चारायला जाळीतनं हात घालत होत्या. आवं आजी, पोळीनं त्याचं पोट फुगतंय. त्याचं पोट फुगलं की माझी नोकरी जाती."

मला वाटलं आई भांडणार. पण ती विचारात पडली. "व्हय, आमच्या तांबड्या बैलाला बी एकदा बेंदराला फुगवटा आलाता. लय पोळ्या झाल्त्या." मग तिनंच तोडगा काढला. पोळी नीलगाईला लांबून दाखवायची, देवाला दाखवतात तशी. लसूणघासाची पेंढी रखवालदारानं आत नेऊन टाकायची. आणि पोळी? पोळी रखवालदारानं खायची. या करारानं सगळे खूश झाले, सगळ्यात जास्त रखवालदार. पुढच्या वर्षापासून तो बेंदराच्या दिवशी घरून डबाच आणायचा नाही.

त्यानंतर आई रोज संध्याकाळी बागेत जायला लागली. आणि रोज सकाळी चहाबरोबर 'मला गावाला सोड' म्हणायची, ते बंद झालं.

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा. माझा सगळा गुन्हा तिच्यात आहे.

ही बाग मी लहानपणापासून बघतोय. मावशी बागेच्या मागच्या गल्लीत राहायची आणि मे महिन्यात आम्ही तिच्याकडं यायचो. पहिल्याच पहाटे सिंह ओरडला आणि मी मावशीची नवी गादी ओली केली. मावशी आतून म्हणाली, "भिऊ नकोस रं, रोजचंच हाय त्याचं." गल्लीतल्या बायका सिंहाच्या आवाजावर उठून पाणी भरायच्या. सिंह ओरडायच्या आधी नळ आला तर 'आज नळ लवकर आला', आणि नंतर आला तर 'आज सिंहानं लवकर उठवलं'. नळाला कुणी दोष देत नव्हतं.

तेव्हा बागेत सिंहाची जोडी होती, अस्वल होतं, माकडं होती, काचेच्या पेटीत बल्बखाली गुंडाळून पडलेला अजगर होता. लोखंडी गज, खाली सिमेंट. तेव्हा सगळीकडं तसंच असायचं. आम्ही गजाला नाक लावून उभे राहायचो. अस्वल या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, असं चालत राहायचं. आम्ही त्याच्याबरोबर बाहेरून चालायचो आणि कोण आधी दमतो याची पैज लावायचो. नेहमी आम्हीच दमायचो.

कॉलेजला सांगलीत आलो तोवर अस्वल नव्हतं. त्याच्या पिंजऱ्यात ससे होते, म्हणजे एवढ्या जाड गजांमागं ससे. सिंह म्हातारा झाला होता, पण ओरडायचा. नोकरी लागून लग्न झालं आणि मुलीला घेऊन बागेत गेलो, तेव्हा सिंहाचा पिंजरा रिकामा होता आणि पाटी तेवढी शिल्लक होती. मुलगी पाटीकडं बघून विचारायची, "सिंह ऑफिसला गेला का?" मग गज निघाले, जाळ्या आल्या, सिमेंट फोडून गवत लावलं, हरणांना आणि नीलगाईला थोडी मोकळी जागा मिळाली. शेंगदाणे विकणाऱ्याला फाटकाबाहेर काढलं. पिंजऱ्याच्या जागी फायबरचा सिंह बसला. त्याच्या पाठीवर पोरं बसतात आणि आया फोटो काढतात. आता तर बहुतेक पक्षीच उरलेत, आणि फुलपाखरांसाठी लावलेली झाडं.

हे बदल चांगलेच झाले. कुणी विचारलं तर मी मान हलवून तेच म्हणतो. पण खरं सांगायचं तर मला तो जुना सिंह हवा असतो. गजामागचा, वासासकट. त्याला तिथं काय सुख होतं हे मला कळतं, आणि तरीही पहाटे जाग आली की मी अजून कान देऊन पडून राहतो. माझ्या बालपणातली सगळ्यात आनंदाची जागा दुसऱ्या कुणाचा तुरुंग होती. हे मी बायकोलाही कधी बोललो नाही.

आता गुन्ह्याकडं येतो. दोन वर्षांमागं, ज्येष्ठात, सकाळी फिरायला गेलो असताना रखवालदारानं मला थांबवलं. "साहेब, आजींचा बैल चालला. घाटापलीकडं मोठं प्राणिसंग्रहालय हाय, तिकडं. एकरानं जागा. कळप बी हाय तिथं नीलगाईंचा. पंधरा-वीस दिवसांत गाडी येती."

एखाद्या भल्या माणसाला आनंद झाला असता. मी आईचा हिशेब करायला लागलो. आता संध्याकाळी आई कुठं जाणार? आणि सकाळी चहाबरोबर काय म्हणणार? ती गावाला गेली तर त्या घरात एकटी. आणि मी? 'आई माझ्याजवळ असते' हे मी चार लोकांत सांगतो, मला ते सांगायला आवडतं. त्या आठवड्यात काही मंडळी 'प्राणी हलवू नका' असा अर्ज घेऊन फाटकाशी उभी होती. त्यांना आपल्या शहराची शोभा जाईल असं मनापासून वाटत होतं. मी त्यावर सही केली. एकानं माझा हात हातात घेऊन म्हटलं, "तुमच्यासारखे प्राणिमित्र पाहिजेत." मी हात सोडवून घेतला नाही.

माझी आई तिसऱ्या मजल्यावर राहावी म्हणून त्या जनावरानं तेवढ्याशा कुंपणात आयुष्य काढावं, असं मला वाटत होतं. यापेक्षा सरळ शब्दांत मला ते लिहिता येत नाही.

अर्जाचं काही झालं नाही. मी आईला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत ज्येष्ठाची पौर्णिमा आली.

आमच्या भागात बेंदूर दोन. ज्येष्ठातला कर्नाटकी आणि आषाढातला आपला. सांगलीत दोन्ही चालतात. खालच्या मजल्यावरचं कुटुंब सीमेकडचं, त्यांचा ज्येष्ठातला. आमची आई सातारा जिल्ह्याची, तिला तो बेंदूर मान्यच नाही. दरवर्षी त्या दिवशी खालून पुरणाचा वास आला की ती नाक उडवायची, "ह्यांची घाईच फार. पेरणीचा पत्ता न्हाई आन् बैलांस्नी पोळ्या." आणि त्यांनी पाठवलेली पोळी मात्र दोन वाट्या दुधाबरोबर खायची.

गाडी परवा येणार, असं रखवालदारानं सकाळीच सांगितलं होतं. म्हणजे आषाढातला बेंदूर नीलगाईविना. खालून वास यायला लागला तसा मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"आई, यंदा आपण बी आजच करायचा का बेंदूर?"

तिनं वर बघितलं. "का रं? कानडी झालास व्हय?"

"नाही, म्हटलं..."

"म्हटलं काय? बोल की. तोंडात काय धरलंयस?"

मग मी बोललो. नीलगाय, गाडी, घाटापलीकडचं मोकळं रान, सगळं. आईनं निवडायच्या तांदळाचं ताट बाजूला सारलं.

"तुला कवा कळलं?"

"झाले पंधरा दिवस."

"आन् गप बसलास." ती माझ्याकडं बघत राहिली आणि मला वाटलं, आता येणार, 'मला गावाला सोड'. पण ती म्हणाली, "बापावर गेलायस. त्यो बी मिलिटरीतनं रजंवर यायचा आन् परत जायचं आदल्या दिशी सांगायचा. आदल्या दिशी! लाडू वळायला तरी येळ नगं? कितींदा नुसत्या भाकरीवर गेला त्यो माणूस." मग आतल्या खोलीकडं तोंड करून तिनं हाक मारली, "सूनबाई, डाळ शिजत घाल. आज आपला बेंदूर."

बायको बाहेर येऊन म्हणाली, "अहो आई, पण आपला तर आषाढात ना?"

"बैलाच्या गाडीपरमानं बेंदूर करायचा असतोय. घाल डाळ."

दुपारी आई, बायको आणि मी बागेत गेलो. आईनं इरकली लुगडं नेसलं होतं. घासाची ओली पेंढी माझ्या डोक्यावर होती, कारण हातात धरली की पाण्यानं शर्ट भिजत होता. फायबरच्या सिंहापाशी फोटो काढणारी माणसं आमचा फोटो काढायला लागली. आईनं जाळीबाहेर जमिनीवर पाणी घातलं, कुंकू वाहिलं, ताट उंच धरून पोळी दाखवली. नीलगाय घास चघळत एकदा तिच्याकडं बघून वळली. रखवालदार शेजारी हात धुऊन तयार उभा होता.

"गड्या, आज दोन खा," आई त्याला म्हणाली. "एक तुझी, एक त्याच्या वाटंची."

"आजी, तुमी आता कुनासाठी येनार बागेत?"

मी दुसरीकडं बघायला लागलो. आई म्हणाली, "मोर हाईत की. पर मोराला काय पोळी दावायची? त्येला सोताचंच कौतिक."

दिवाळीनंतर तिच्या आग्रहानं आम्ही गाडी काढून घाटापलीकडं गेलो. कराड मागं पडलं तेव्हा ती आमच्या गावाच्या दिशेला हात जोडून बसली, सातारा गेल्यावर झोपली. त्या मोठ्या प्राणिसंग्रहालयात नीलगाईंचं रान एवढं मोठं की पलीकडचं कुंपण दिसत नव्हतं. झुडपं, उंच गवत, मधे एक पाणवठा. आम्ही कठड्याशी बराच वेळ उभे राहिलो. गवत हललं, थांबलं. एकही नीलगाय दिसली नाही. माझ्या मनात लहानपणचा गजाला नाक लावलेला पोरगा कुरकुरत होता. एवढं पेट्रोल जाळून आलो ते गवत बघायला?

"चल आता," आई म्हणाली.

"थांब की, येईल पाण्यावर."

"नगं. दिसत न्हाई म्हंजे बरा हाय त्यो. तिकडं बिचारा कवाबी जा, जाळीपाशीच. जाणार कुठं?" आणि परतीच्या वाटेवर, सातारा यायच्या आधी, अगदी सहज बोलल्यासारखं तिनं सांगितलं, "आषाढात मला म्हयनाभर गावाला सोड. बाकीचा येळ हाय मी तुझ्यापाशी. आत्ता सांगतीया, आठ म्हयने आधी. तुझ्यावानी आदल्या दिशी न्हाई."

मी 'हो' म्हणालो. म्हणायला वेळ लागला, पण म्हणालो.

गेल्या आषाढात सोडून आलो. चुलतभावाकडं बैल नाहीत, पण शेजारच्या घरी अजून एक जोडी आहे, उसाला मातीची भर लावायला ठेवलेली. बेंदराच्या दिवशी सकाळी आईला फोन लावला. उचलला नाही. दुपारी लावला, नाही. संध्याकाळी मी कासावीस होऊन चुलतभावाला लावला.

"काकी व्हय? सकाळधरनं शेजारच्या बैलांची शिंगं रंगवतीया. निळी केली एकाची. म्हनलं, काकी, निळी कशापायी? तर म्हनाली, हाय आमच्यात तसं."

"फोन का उचलत नाही मग?"

"फोन हितं घरात ठिवून गेलीया. हाक मारू का?"

"नको," मी म्हटलं, "राहू दे. बरी आहे ती."