‘तब्येत’ या शब्दाशी भांडणाऱ्या डॉक्टरीणबाई

डॉ. वैजयंती उकिडवे यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. हातगाडीवर खारी विकता विकता मी पौडच्या एसटी स्टँडसमोर बेकरी टाकली होती. शेजारच्या गाळ्यात बाईंनी दवाखाना थाटला आणि पहिल्याच आठवड्यात येऊन विचारलं, “क्रीमरोल मुलांच्या हाताला लागतील इतक्या खाली का मांडता?” मी म्हणालो, बाई, म्हणूनच मांडतो. त्या हसल्या नाहीत.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात सत्कार समितीनं मला कौतुकाचे चार शब्द लिहायला सांगितलंय. पण खरं सांगतो, इतकी वर्षं आम्ही बाईंना आणि बाईंनी आम्हाला नुसता वैताग दिला.

बाई तालुकाभर हिंडून शाळांतल्या मुलांची वजनं घेत. डोंगरातल्या ताम्हिणीहून परतत, तेव्हा मुलांच्या बरगड्या दिसतात म्हणून चिडलेल्या असत; पुण्याला लागलेल्या भूगावहून परतत, तेव्हा शर्टाची बटणं लागत नाहीत म्हणून. आधी बंगल्यांतली मुलं अंगानं सुटली, मग जमिनी विकलेल्या घरांतली. हल्ली तर बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांच्या हातातही चिप्सची पुडी, कारण दूध परवडत नाही. बाई बोलत, मी गल्ल्यावरून ऐकत असे. तोवर पोरं दुसऱ्यांची होती.

मग माझी नात प्राजक्ता जिना चढताना धापा टाकू लागली. सात वर्षांची पोर. मानेवर काळा पट्टा उमटला, तो मळ समजून आमच्या सौभाग्यवती रोज दगडानं घासत. शेवटी त्या तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. गर्दी होती. बाईंनी तपासलं आणि एवढंच सांगितलं, “हिची तब्येत सुधारायला हवी.”

इथंच घात झाला. आमच्याकडे तब्येत सुधारली म्हणजे अंग धरलं. महिनाभर भाकरीवर तुपाची धार वाढली. काटा तीन किलो पुढे गेला. बाईंनी कपाळाला हात लावला.

“अहो, मी काय सांगितलं होतं?”

“तब्येत सुधरा म्हनलात, सुधारली की. लई राबले, बाई.”

दुसरा असता तर अडाणी म्हणून मोकळा झाला असता. बाई संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. “चूक माझी. शब्द तुमचा वापरला, अर्थ माझा धरला.” मानेवरचा पट्टा मळ नाही, पुढे मधुमेह होऊ शकतो याची खूण आहे, हे त्यांनी तिथं शांतपणे समजावलं. नंतर रोज सकाळी दवाखान्याआधी त्या प्राजक्ताला चालायला नेत. फी विचारली, तर क्रीमरोल वरच्या फळीवर ठेवा म्हणाल्या. ठेवले. खप पडला, मी कुरकुरलो. पण दोन-तीन वर्षांत पोरीची मान निवळली. आता ती खो-खो खेळते.

एवढं होऊनही सत्कार समितीनं बाईंची पेढेतुला ठरवली! पेढे अर्थात माझ्याकडचे. त्यावर बाई जे बोलल्या ते गौरवग्रंथात छापण्याजोगं नाही. प्राजक्ता मात्र म्हणाली, “आबा, तराजू आणलाच आहे, तर तुम्हीच बसा.”

बसलो. पेढे कमी पडले. तेव्हापासून बाई रोज सकाळी मला चालायला नेतात. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. मी फार सावकाश चालतो. माझ्यासाठी त्यांना बरीच वर्षं थांबावं लागणार आहे.